दप्तरात सापडलेलं भलतंच काहीतरी

हिशोबनीस
जुने कागद म्हटले की आपल्याकडे लगेच राजमुद्रा, तह आणि लढाया सुरू होतात. माझं म्हणणं असं की दप्तरातला खरा माल जमाखर्चात असतो. पत्र लिहिणारा मानपान सांभाळून, चार वेळा विचार करून लिहितो. खर्च टिपणाऱ्या कारकुनाला संध्याकाळी शिल्लक जुळवायची असते, त्यामुळे तो जे झालं ते लिहून मोकळा होतो.

पुण्याचं पेशवे दप्तर घ्या. १८९१ साली बांधलेली दगडी इमारत, आत रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या, चळती, कागद चार कोटींच्या घरात असल्याचं सांगतात. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात त्यातून वेचून ४५ खंड छापले. केवढं काम! पण ती निवड राजकारणाच्या अंगाने झालेली. तेल, तूप, पत्रावळी, औषधपाणी, बक्षिसी हे सगळं बहुतेक रुमालातच राहिलं.

आमच्या घरी माळ्यावर एक पेटी आहे. तीत एका लग्नाच्या खर्चाचा लांबलचक बंद निघाला. वैशाख शुद्ध दशमीचं लग्न. पत्रावळी, वाजंत्री, न्हाव्याचा हक्क, सगळं रीतसर, आणि खालून तिसऱ्या ओळीत: "विहीण रुसली सबब लुगडे १".

तर प्रश्न असा: तुमच्या गावच्या, संस्थेच्या, घरच्या दप्तरात किंवा एखाद्या पुराभिलेखागारात तुम्हाला सगळ्यात अनपेक्षित काय भेटलं? सोनंनाणं आणि गुप्तधनाचे नकाशे कृपया नकोत.

विहीणबाई
एका लुगड्यात रुसवा निघाला? फारच स्वस्ताई होती हो.

चिंचेचा_पार
"सबब" वाचून हसू आवरेना. रुसण्यालासुद्धा मंजुरी लागली असणार वरून.

तंजावूर_एक्सप्रेस
माझं मत तंजावरच्या सरस्वती महालाला. तिथल्या हस्तलिखितांचा गाजावाजा आहेच, स. म. दिवेकरांना परमानंदाचं शिवभारत तिथेच मिळालं आणि १९२७ साली ते छापलं गेलं. पण मला थक्क केलं ते दुसऱ्या सरफोजी राजांच्या नेत्ररुग्णांच्या कागदांनी. राजाला वैद्यकाचा नाद. त्याच्याकडे आलेल्या डोळ्याच्या रोग्यांची टिपणं ठेवलेली आहेत: रोगी कोण, तक्रार काय, उपचार काय केला. सोबत त्या त्या रोग्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रं. मोतीबिंदूचा पांढुरका पडदा, लालसर कडा, सुजलेल्या पापण्या, चित्रकाराने काही सोडलेलं नाही. सरफोजी १८३२ मध्ये वारले, म्हणजे हे सगळं फोटोग्राफी येण्याआधीचं.

शिवाय त्याच ग्रंथालयात शरभेंद्र पाकशास्त्र आहे, राजवाड्यातल्या रांधण्याची मराठी पोथी. आणि बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा भलाथोरला मराठी शिलालेख, १८०३ चा. मला तर तो दगडावर उतरवलेला रुमालच वाटतो.

घोरपड
धाग्याच्या विषयात "गावच्या" असं लिहिलंय. तंजावर कुणाचं गाव?

तंजावूर_एक्सप्रेस
@घोरपड, माझं. सात पिढ्या. आमच्या घरी रसमला सारच म्हणतात.

घोरपड
बरं, माघार.

निवृत्त_तलाठी
हिशोबनीस यांच्याशी सहमत, पण जमाखर्चाच्या जोडीला एक रजिस्टर ठेवा: गाव नमुना नंबर १४. जन्ममृत्यूचं. खेड्यात त्याला कोतवाल बुक म्हणतात. माझी नोकरी त्याच कपाटांच्या संगतीत गेली. वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावला नाही. दप्तराची खोली म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीच्या जुन्या पेट्या ठेवायची जागा. मग २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून राज्यभर हीच रजिस्टरं उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदम नवरदेवासारखा भाव आला.

लोक जातीचा रकाना बघतात आणि रजिस्टर मिटतात. तुम्ही शेजारचा, मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचा. देवी, पटकी, ताप, सर्पदंश, बाळंतपण. १९१८ च्या पावसाळ्यानंतरचं पान उघडा. एऱ्हवी छोट्या गावाचं एक पान महिना दोन महिने पुरायचं. ऑक्टोबर १९१८ मध्ये दोन दिवसांत पान संपलेलं मी पाहिलंय. पहिल्या ओळीत कारण "ताप". त्याखाली "सदर". त्याखाली पुन्हा "सदर". पान संपेपर्यंत सदर. तोच तो इन्फ्लुएन्झा, मुंबई इलाख्याला त्याचा तडाखा फार मोठा बसला. मोठ्या पुस्तकांत आकडे मिळतील, पण कोणत्या आळीत, कोणत्या घरात आधी शिरला हे फक्त या रजिस्टरात.

पिवळा_कागद
तलाठीकाका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना. कोविडच्या वेळी आमच्या आजीला तिच्या आईने सांगितलेलं "मानमोडी" हे नाव आठवलं होतं, ते याच साथीचं.

निवृत्त_तलाठी
बरोबर, मानमोडीच. सवडीने लिहीन.

मांडवी
गोव्याचं कुणीच काढलं नाही? पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. पहिला दप्तरदार दियोगु दु कोतु, जो स्वतः इतिहासकार होता. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पस्तीस वर्षं आधीपासून तिथे कागद लावून ठेवायला पगारी माणूस होता.

तिथली सगळ्यात प्रसिद्ध मालिका मोंसोंइश दु रेनु, मराठीत "राज्याचे मोसम" म्हणा. लिस्बनची जहाजं वाऱ्यावर अवलंबून, म्हणून पत्रव्यवहारही मोसमाप्रमाणे बांधलेला. एक मोसम चुकला की उत्तराला आणखी वर्ष. मराठ्यांबद्दल पोर्तुगीज काय बोलत होते हे पांडुरंग पिसुर्लेंकरांनी आयुष्य घालून या कागदांतून काढलं.

पण धागाकर्त्याच्या कसोटीला उतरतात ते गावकऱ्यांचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादींचे वह्या-हिशोब. बांधाची दुरुस्ती, मानशीची (बांधाच्या झडपेची) पावणी, म्हणजे लिलाव, देवळाचा खर्च, कुणाला किती झोण, म्हणजे वाटा. काही मोडीत, काही पोर्तुगीजमध्ये आणि काही चक्क गोंयकानडी लिपीत. ती लिपी वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. मी एकदा अशी वही समोर घेऊन बसलो, आकडे तेवढे ओळखीचे वाटले, बाकी सगळं समुद्रपार.

टेराबाईट
या सगळ्यावर एक उपाय: सरसकट स्कॅन करा आणि एआयला वाचायला द्या. संगणकाला मोडी शिकवायचे प्रयोग चालू आहेतच. पाच वर्षांत चार कोटी कागद शोधता येतील.

मोडीवाली
येऊ दे, मी पेढे वाटीन. पण मोडीत हात न उचलता लिहितात. शब्द कुठे तुटतो, काना कुठे जोडला आणि कुठे खाल्ला, हे कारकुनाच्या वळणावर आणि त्याच्या घाईवर. वर निम्म्या ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. माझ्या वर्गातली हुशार मुलंसुद्धा पहिले काही महिने "मुलीस मारले" आणि "मोलास भरले" यांत गोंधळतात. यंत्राने असा गोंधळ कोर्टाच्या कागदात घातला तर?

आणि @हिशोबनीस, तुमच्या लग्नाच्या बंदावर साल काय आहे? नुसतं "जुनं" चालणार नाही.

हिशोबनीस
तिथेच गाडं अडलंय. सुरुवातीला "सन सलास सबैन" एवढं दिसतं, पुढचा कोपरा कसरीने खाल्ला. तिथीच्या शेजारी "छ ९ सफर" आहे. आमचे काका ठामपणे १८७३ म्हणतात, कारण पेटीतले बाकीचे कागद त्या काळातले.

मोडीवाली
हा सुहूर सन, जुन्या मराठी कागदांतला, आकडे अरबी शब्दांत. सलास ३, सबैन ७०. पुढे "मया व अलफ" असेल तर ११७३, "मयातैन व अलफ" असेल तर १२७३. कसरीने नेमकं शतकच खाल्लं! सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. साल मृगाला बदलतं, त्यामुळे वैशाखातलं लग्न असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे १७७३ किंवा १८७३.

पण तुमच्या त्या "छ ९ सफर"नेच निकाल लागतो. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. १७७३ साली वैशाख शुद्ध पक्ष सफर महिन्यात येतो. १८७३ साली वैशाख शुद्धाला सफर संपून रबिलावल लागलेला होता. तेव्हा काकांना सांगा, शंभर वर्षं मागे या.

खात्रीसाठी कागद उजेडासमोर धरा. गिरणीच्या कागदात पाण्यातली खूण, जलचिन्ह, दिसण्याचा संभव. हातकागदात जाळीच्या काड्यांच्या रेघा दिसतील. आणि रुपये कोणते लिहिलेत ते पाहा.

हिशोबनीस
रेघा आहेत, खूण नाही. रुपयांपुढे "चांदवडी" आहे! काका गप्प बसलेत, पण मान्य केलेलं नाही.

मोडीवाली
चांदवडी, म्हणजे चांदवडच्या टांकसाळीतला जुना रुपया, म्हटल्यावर काय राहिलं? म्हणजे हे लग्न नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तोवर मृग होऊन सन अर्बा सबैन, म्हणजे पुढचं ११७४, लागलेला.

विहीणबाई
आणि आपण इथे अडीचशे वर्षांनी त्या बाईचा रुसवा चघळतोय. तिला कळलं तर दुसरं लुगडं मागेल.

गेंडास्वामी
दप्तर परदेशात गेलं तर चालेल का? पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा अमेरिकेत आहे. म्हणजे त्याचं चित्र. गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार, चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलाच्या पदरी काम करायचा. वेरूळची लेणी त्याने मोजूनमापून काढली. आणि नोव्हेंबर १७९० मध्ये पर्वतीच्या बाजूच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ही चित्रं येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत, घरबसल्या बघता येतात. गेंड्याच्या कातडीच्या घड्या बघा, एकेक घडी कारागिराच्या हाताने काढलेली. शनिवारवाड्याच्या वैभवावर इतकं लिहून झालं, पण गेंड्याला रोज चारा कुणी टाकत होतं हे कुणाच्या डोक्यात येतं?

चिंचेचा_पार
चाऱ्याचा खर्च पेशवे दप्तरात असणारच. हिशोबनीस, लागा कामाला.

कोल्हापुरी_रांगडा
माझा मुद्दा जरा वेगळा. राजकारणाचे कागद एवढे हिणवू नका. आग्र्याची भेट घ्या. महाराज १२ मे १६६६ ला दरबारात गेले, १७ ऑगस्टला निसटले, हे सगळ्यांना पाठ. पण रोजच्या रोज काय चाललं होतं ते आपल्या बखरींतून नाही, तर आंबेरच्या राजाच्या आग्र्यातल्या कारकुनांच्या राजस्थानी पत्रांतून कळतं. परकालदास नावाच्या कारकुनाने वरिष्ठांना कळवलंय की हा माणूस दिसायला बारीक, गोरा, पण कुणी न सांगताच कळतं की हा राजा आहे. संभाजीराजे किती देखणे आहेत, पालखी कशी आहे, पुढे हत्तीवर निशाण कसं आहे, सगळं. जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी ती पत्रं १९६३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. ही पत्रं हिशोबाची नव्हेत, पण लिहिणारा कारकूनच! आणि त्याला महाराजांचं कौतुक करायची काहीच गरज नव्हती.

हिशोबनीस
@कोल्हापुरी_रांगडा, हे मान्य. कारकून आला की मी विरघळतो.

दादरचा_कट्टा
मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे दांतेच्या डिव्हाइन कॉमेडीचं जुनं हस्तलिखित आहे. एल्फिन्स्टनने दिलेलं. मुसोलिनीने त्याला दहा लाख पौंड देऊ केले होते असं आमचे सर सांगायचे.

घोरपड
मुसोलिनीची गोष्ट प्रत्येक जण सांगतो, कागद कुणीच दाखवत नाही. त्यापेक्षा त्याच इमारतीतले सोपाऱ्याच्या स्तूपातले अवशेष सांगा. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरून काढलेले करंडक. नालासोपाऱ्याहून लोकलने लटकत येणाऱ्या किती जणांना माहीत आहे की आपल्या स्टेशनजवळचा बुरूड राजाचा कोट, म्हणजे तोच स्तूप, फोर्टात येऊन बसलाय?

अहिल्यानगरी
आमच्या अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तू संग्रहालयात सुमारे २०० फूट लांब जन्मपत्रिका आहे. गुंडाळी उलगडत गेलात तर हॉल पुरायचा नाही. मंगळ कुठेतरी एकशे चाळिसाव्या फुटावर असेल.

विहीणबाई
अशा मुलाला मुलगी देणार कोण? पत्रिका जुळवेपर्यंत दोघं म्हातारी.

पिवळा_कागद
गमती झाल्या, आता रड ऐका. आमच्या आजोबांनी घरचं सगळं दप्तर, दोन पेट्या, एका संस्थेला विश्वासाने दिलं. पावती नाही, यादी नाही. वडील बघायला गेले तेव्हा "कागद लावणं चालू आहे" असं सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा असं काही आलंच नव्हतं म्हणाले. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय, कागद घरातून हलवायचे नाहीत.

निवृत्त_तलाठी
राग समजतो. पण घरात ठेवून काय होतं तेही पाहिलंय. १९६१ च्या पानशेतच्या पुरात आमच्या मावशीच्या वाड्यातल्या पेट्यांचा लगदा झाला. कोकणातल्या ओळखीच्या एका घरात वाळवीने शंभर वर्षांचे शेतीच्या खंडाचे कागद आतून पोखरले, वरची दोन पानं तेवढी शाबूत. द्यायचे तर यादी करून, पानांवर क्रमांक घालून, सहीशिक्क्याची पोच घेऊन द्या. नाहीतर फोटो काढून मूळ घरी ठेवा.

मोडीवाली
तलाठीकाकांच्या पुढे चार गोष्टी, कळकळीने. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षर खातो. घट्ट घडी जबरदस्तीने उघडू नका. धुतलेल्या सुती कापडात बांधा, पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पावसाळा सरला की सावलीत वारा द्या. उन्हात अजिबात नको. रुमाल ही फार शहाणी वस्तू आहे, प्लास्टिकच्या फाइलपेक्षा कधीही बरी.

टेराबाईट
आणि फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, कोरी मागची बाजूही काढा. आमच्याकडे एका हुंडीच्या पाठीवर कुणा पोराने मोडीचा कित्ता गिरवलाय. हुंडी कधीच वटली असेल, "ओनामासीधं" अजून ताजं आहे. कुणीतरी मार खाल्ला असणार त्यावरून.

चिंचेचा_पार
एआयवाल्याला कागदाची ओढ लागली!

त्र्यंबककर
घरात काहीच उरलं नसेल त्यांनी तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांकडे जावं. त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर, काशी. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड काढतात. आमच्या पणजोबांची सही मी त्र्यंबकलाच प्रथम पाहिली. खाली त्यांच्या भावांची नावं, त्यातला एक भाऊ आमच्या कुणाच्याच तोंडी नव्हता. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे तर अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मही काढले.

मॉरिशसची_सून
उशिरा येतेय, पण माझा प्रतिसाद विषयाला धरून आहे. इथे मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, दप्तरं आहेत. मुंबई बंदरातून आलेल्यांत आपल्या कोकणातली माणसं पुष्कळ. नोंदीत नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. पुढच्या काळातल्या बऱ्याच नोंदींना फोटोही आहेत. घरात देव्हाऱ्याशेजारी कुणाचा फोटो लावायचा हे कळत नसलेल्या कुटुंबाला एकदम खापरपणजोबा समोर दिसतात, मुंडासं बांधलेले, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारे.

माझी अडचण गावांच्या नावांची. लिहिणाऱ्या साहेबाने कानाला पडलं ते उतरवलं. "राजापोर" आणि "सानमेस्वर" मी सोडवली. पण सासऱ्यांच्या घराण्याच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी आणि गाव "कोटरा" आहे. कुणाला काही सुचतं का?

दादरचा_कट्टा
कोतवडे?

कोल्हापुरी_रांगडा
शेवटी "रा" ऐकू आला असेल तर कोतवडे नाही जमत. कोतरे किंवा कोत्रे?

निवृत्त_तलाठी
नावावरून अंदाज करू नका, कोकणात एका नावाच्या चार वाड्या निघतात. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही येतो, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत बघावं लागेल. ताई, नोंदीत तालुका किंवा ठाणं असा रकाना आहे का ते पाहा. जात आणि बापाचं नाव जसं लिहिलंय तसंच, स्पेलिंग न सुधारता, मला निरोपातून पाठवा. धाग्यावर टाकू नका. तालुका कळला तर तिथल्या दप्तरात कोणता नमुना मागायचा ते मी लिहून देतो.

मॉरिशसची_सून
ठाण्याचा रकाना आहे, शाई उडालेली आहे. पहिलं अक्षर "डी" वाटतंय.

घोरपड
देवगड किंवा दापोली. मी देवगडचा, रविवारी गावी चाललोय. निरोप मलाही करा.